गंडम म्हणजे नुसती खेळण्यांची जाहिरात नव्हे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जपानी रोबोट कार्टूनवर लेख आला होता. त्यात लेखकाने सरसकट लिहून टाकलंय की ही सगळी कार्टूनं म्हणजे खेळणी खपवायला काढलेल्या लांबलचक जाहिराती, कथा-बिथा काही नसते, नुसती मारामारी आणि पोरांच्या डोक्याचा भुगा. आणि सोबत फोटो कोणाचा, तर गंडमचा, म्हणजे त्याच नावाच्या जपानी कार्टून सिरियलमधल्या रोबोटचा. दुसऱ्या कोणाचा टाकला असतात तर कदाचित मी गप्प बसलो असतो पण गंडमचा टाकलात म्हणून लिहावंच लागतंय. मी वेंगुर्ल्याचा, धंदा पेंटरचा, दुकानांचे बोर्ड आणि होड्यांवरची नावं रंगवतो. पावसाळ्यात संध्याकाळी काम बंद असतं तेव्हा भाच्यासोबत मोबाइलवर ही सिरियल पहिल्या भागापासून शेवटपर्यंत बघितली, मग ती बनली कशी हे जिथून मिळेल तिथून वाचत गेलो. तुमच्या लेखकाने यातलं काहीच वाचलेलं दिसत नाही, नाहीतर असं लिहिलं नसतं.

आधी एक मान्य करतो, खेळण्यांचा पैसा होता हे शंभर टक्के खरं आहे. मोबाइल सूट गंडम 7 एप्रिल 1979 ला सुरू झाली, नागोयाच्या टीव्ही स्टेशनवरून, शनिवारी संध्याकाळी साडेपाचला. मेन स्पॉन्सर क्लोव्हर नावाची खेळणी बनवणारी कंपनी. त्याच्या आधी डिसेंबर 1972 मध्ये माझिंगर झेड हे रोबोट कार्टून आलं होतं, पोरगा रोबोटच्या डोक्यात बसून त्याला चालवतो हा प्रकार तिथून गाजला आणि मग खेळणीवाल्यांची लाइनच लागली. डायरेक्टर योशियुकी तोमिनो, त्यांनी पण क्लोव्हरच्या पैशावर आधी झाम्बोट 3 आणि डायटार्न 3 अशा दोन सिरियल केल्याच होत्या. म्हणजे धंदा काय आहे हे त्या माणसाला नीट माहीत होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसा कोणाचा होता हे सांगून गोष्ट संपत नाही, त्या पैशासोबत ज्या अटी आल्या त्यांचं सिरियल बनवणाऱ्या लोकांनी काय केलं ते बघा, खरी गंमत तिथे आहे.

पहिली अट उंचीची. सुरुवातीला यांच्या डोक्यात मोठा रोबोट नव्हताच. एका अमेरिकन कादंबरीत सैनिक अंगावर यांत्रिक चिलखत घालतात, त्या धर्तीवर माणसापेक्षा थोडं उंच, अडीच मीटरच्या आसपासचं काहीतरी करायचं चाललं होतं. कच्च्या प्लॅनमध्ये नाव पण वेगळं होतं, गनबॉय. स्पॉन्सरला हे पटेना, त्यांना राक्षसासारखा मोठा रोबोट हवा होता, शेवटी गाडी 18 मीटरवर येऊन थांबली. आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता ठीक आहे, मोठा तर मोठा, आणि दर आठवड्याला एक नवीन राक्षस आणून आपटला असता. यांनी ते 18 मीटर खरे धरले. एवढं मोठं मशीन असेल तर ते उभं कुठे करणार, त्याला गोळ्या कोण पुरवणार, हात तुटला तर स्पेअर पार्ट कुठून येणार, रिपेअर करणारी माणसं झोपणार कधी. सगळी सिरियल या प्रश्नांनी भरलेली आहे. गोष्ट अंतराळातल्या युद्धाची, गंडम ज्या जहाजावर आहे त्या जहाजात निर्वासित बसलेत, म्हातारी माणसं आहेत, लहान पोरं आहेत, मिठाचा साठा संपला म्हणून एक अख्खा भाग आहे. मिठाचा! कोणत्या खेळण्याच्या जाहिरातीत कोणी मीठ शोधत फिरतं?

शत्रूचं मशीन झाकू, हिरवं, एका डोळ्याचं. ते डिझाइन केलं कुनिओ ओकावारांनी. तोमिनोंनी त्यांना झाकूसाठी एवढंच सांगितलेलं की डोळा एकच ठेवा, बाकी तुमच्या मनाने करा. हिरो रोबोटवर खेळणीवाल्यांचं बारीक लक्ष असायचं, शत्रूच्या मशीनकडे कोण बघतंय, त्यामुळे ओकावारांना तिथे मोकळं रान मिळालं. आणि आज बघा, गंडमएवढाच झाकू लोकांना आवडतो. पुढे सिरियल चालेना म्हणून नवनवीन शत्रू मशीन आणायचं प्रेशर आलं तेव्हा काहींची कच्ची चित्रं तोमिनोंनी स्वतःच काढून दिली आणि ओकावारांनी ती नीट केली.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि ही मला जरा सविस्तर सांगायचीय कारण हा माझा विषय आहे. तोमिनोंना गंडम पांढुरका, राखाडीकडे झुकणारा हवा होता, लढाईतलं मशीन दिसावं असा. खेळणीवाल्यांचं म्हणणं लाल निळा पिवळा पाहिजे, दुकानाच्या फळीवर पोरांच्या डोळ्यात भरला पाहिजे. शेवटी जे झालं ते तुम्ही फोटोत छापलंयच, छाती निळी, पोट आणि पावलं लाल, मध्ये पिवळं, पण हात मांड्या तोंड सगळं पांढरं. तडजोड आहे ही. पण नीट बघा, लांबून, काळ्या अंतराळात तो येतो तेव्हा आधी काय दिसतं तर पांढरं. शत्रूची माणसं त्याला तो पांढरावाला म्हणूनच ओळखतात आणि घाबरतात. पांढरा रंग हाताळणं सगळ्यात कठीण असतं हे कोणत्याही पेंटरला विचारा, बाजूला जो रंग असेल तो पांढऱ्यावर चढतो, डाग लगेच दिसतो, आणि सावली कोणत्या रंगाची द्यायची इथेच भल्याभल्यांची परीक्षा होते. यांनी सावलीला निळसर करडा वापरलाय, त्यामुळे ते पांढरं मेलेलं वाटत नाही, पत्र्यासारखं थंड वाटतं. स्पॉन्सरने मागितलेले तीन रंग तिथेच आहेत तरी मशीन जत्रेतल्या खेळण्यासारखं दिसत नाही, हे आपोआप होत नाही हो साहेब, कोणीतरी बसून केलेलं असतं.

आणि ते कसं करायचे ते पण सांगतो, कारण तुमच्या लेखात कॉम्प्युटरने बनवलेली कार्टूनं असा शब्द आहे. 1979 ला कसला कॉम्प्युटर. कागदावर पेन्सिलने चित्र, मग ते पारदर्शक शीटवर उतरवायचं, त्याला सेल म्हणतात. रेघ पुढच्या बाजूला आणि रंग मागच्या बाजूने भरायचा. आम्ही दुकानाच्या काचेवर आतून उलटं नाव रंगवतो ना, अगदी तसंच, जे समोरून सगळ्यात वर दिसणार ते आधी लावायचं आणि मोठा भाग नंतर, चुकलं तर खरवडून काढा. मागून भरल्यामुळे समोरून रंग एकदम सपाट दिसतो, ब्रशचा एक फटकारा दिसत नाही. आणि अजून एक बारीक गोष्ट, सेल पारदर्शक म्हटला तरी त्याला किंचित छटा असतेच, एकावर एक दोन-तीन सेल ठेवले की खालचा रंग जरा मळकट दिसतो, म्हणून तोच पांढरा खालच्या थरात वेगळा आणि वरच्या थरात वेगळा घ्यावा लागायचा, नाहीतर गंडमचा हात हलला की हाताचा रंग बदललेला दिसणार. सेकंदाला फिल्मच्या 24 फ्रेम, टीव्हीला परवडत नाही म्हणून एक चित्र तीन फ्रेमला वापरायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. तरी एका भागाला काही हजार चित्रं होतात आणि भाग दर आठवड्याला द्यायचा. त्या काळी किरण चमकवायचे तर काळ्या कागदाला भोक पाडून खालून दिवा लावायचे आणि तीच फिल्म परत एकदा एक्स्पोज करायचे, म्हणून तो उजेड खराखुरा उजेडासारखा फुटतो. आणि शूटिंग झालं की हे सेल बऱ्याच ठिकाणी सरळ कचऱ्यात जायचे. एवढी मेहनत आणि कचऱ्यात. मला तर हे वाचून वाईट वाटलं.

एवढ्या घाईत सगळं नीट कसं होणार. माणसांची चित्रं योशिकाझू यासुहिको यांची, चेहरे, हात, कपड्याच्या चुण्या, ज्याला थोडीफार चित्रकला कळते त्याला एका नजरेत कळतं की हा माणूस वेगळा आहे. ते कामाच्या ताणात आजारी पडले, छातीचं दुखणं, हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं, आणि शेवटच्या काही भागांत ते नाहीत हे पडद्यावर दिसतं, चेहरे बदलतात. पंधरावा भाग तर फॅन लोकांत प्रसिद्धच आहे, त्यात झाकू असा काही लांबट आणि किडकिडीत काढलाय की ओळखू येत नाही. तोमिनोंनी तो भाग अमेरिकेत दाखवू दिला नाही. पण गोष्ट चांगली होती, युद्धातून पळालेला एक सैनिक बेटावर अनाथ पोरं सांभाळतोय. मग 2022 मध्ये त्याच भागावर अख्खा सिनेमा निघाला आणि डायरेक्टर कोण तर यासुहिको स्वतः, आणि त्यांनी त्या सैनिकाचा झाकू मुद्दाम जरा किडकिडीतच ठेवला. चाळीस वर्षांपूर्वी घाईत ज्यांनी ते चित्र काढलं त्यांची लाज न काढता त्यांना सोबत घेतल्यासारखं आहे हे, मला फार आवडलं.

आवाजांबद्दल पण थोडं. हिरो आमुरो, म्हणजे गंडम चालवणारा पोरगा, त्याचा आवाज तोरू फुरुया यांचा. ते लहानपणापासून आवाज देत होते, बेसबॉलवरच्या एका गाजलेल्या कार्टूनमध्ये जळत्या डोळ्यांचा, ओरडणारा हिरो त्यांचाच होता. इथे त्यांनी आवाज खाली आणला, कुरकुरणारा, दबलेला, घरात एकटा बसून मशीनशी खेळणाऱ्या पोराचा. समोरचा मुखवटेवाला शार, त्याचा आवाज शुइची इकेदा यांचा, ते आमुरोसाठी ऑडिशनला आले होते आणि तिथे शारचं चित्र बघून म्हणाले मला हा द्या. सुरुवातीचं गाणं ज्या गीतकाराच्या नावावर आहे ते नावही टोपणनाव आहे, लिहिणारे तोमिनोच.

आमुरो नववा भाग येईपर्यंत पार वैतागलेला असतो, लढायला जायला नको म्हणतो, कॅप्टन त्याच्या कानाखाली मारतो. आमचा भाचा सातवीत आहे, ते बघून मला म्हणाला, "मामा, हिरो असून तो रडता कित्याक?" मी त्याला उत्तर दिलं नाही, म्हटलं तूच सांग. पुढचे दोन भाग झाल्यावर तो म्हणाला, "तेका घराक जावचा हा." बरोबर सांगितलं पोराने. डोक्याचा भुगा झालेलं पोर असं बोलत नाही संपादक साहेब.

आता शेवट कसा झाला ते, यासाठीच मी हे पत्र लिहायला घेतलं. खेळणीवाल्यांना जोडायची-तोडायची खेळणी हवी होती, वरचा भाग, खालचा भाग आणि मध्ये एक छोटं विमान, तिन्ही जोडले की गंडम. आणि त्याच्याही पुढे विक्री वाढावी म्हणून मध्येच जी-आर्मर नावाचं मोठं वाहन घुसवावं लागलं, गंडम त्याच्या पोटात बसतो वगैरे. तोमिनोंना ते अजिबात आवडलं नव्हतं, पुढे सिनेमे केले तेव्हा त्यांनी ते काढूनच टाकलं आणि जागी साधं लढाऊ विमान ठेवलं. पण मधल्या छोट्या विमानाचं काय केलं बघा. तेच त्यांनी पायलटचा जीव वाचवणारी जागा केली. शेवटच्या भागात गंडमचं डोकं उडालंय, एक हात गेलाय, आमुरो ते मशीन सोडून देतो, मुंडकं नसलेला गंडम वर हात करून शेवटची गोळी झाडतो आणि स्वतः पण मोडून पडतो. जे खेळणं विकायचंय तेच सिरियलच्या शेवटी मोडून टाकायचं, डोक्याशिवाय उभं करायचं, याला किती हिंमत लागते. आणि आमुरो वाचतो कशामुळे, तर त्या खेळण्याच्या जोडायच्या तुकड्यामुळे. सगळी लढाई संपल्यावर तो त्या विमानातून बाहेर पडतो आणि आपल्या माणसांकडे जातो. ज्याने ती अट घातली त्याला स्वप्नातही वाटलं नसेल की तिचं असं काही होईल.

आणि हा शेवट त्यांना हवा तेव्हा मिळालाच नाही. प्लॅन 52 भागांचा होता. रेटिंग पडलेलं, टोकियोच्या भागात सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास, खेळणी उठत नव्हती कारण क्लोव्हरची खेळणी लहान पोरांसाठी आणि सिरियल बघणारी मात्र हायस्कूल कॉलेजची पोरंपोरी. मग आधी 39 वर आणायचं ठरलं, धडपड करून एक महिना वाढवून घेतला आणि 26 जानेवारी 1980 ला 43 व्या भागावर गुंडाळली. नऊ भागांचं मटेरियल कमी झालं तरी शेवट लंगडा वाटत नाही, उलट शेवटचे भाग धावतात. बंद पडली आणि मग खरी चालली. लोकांनी मागून मागून रिपीट लावून घेतली. जुलै 1980 मध्ये बंदाई कंपनीने घरी जोडायचं प्लॅस्टिकचं मॉडेल काढलं, 1/144 मापाचं, म्हणजे खऱ्या उंचीच्या 144 व्या हिश्श्याएवढं, किंमत 300 येन, पोराला पॉकेटमनीतून परवडेल अशी, आणि ती एवढी उठली की दुकानाबाहेर रांगा. जानेवारी 1982 मध्ये चिबा भागातल्या एका दुकानात एस्केलेटरवर चेंगराचेंगरी होऊन पोरं जखमी झाली, ही वाईट बाजू पण सांगायला हवी. 22 फेब्रुवारी 1981 ला टोकियोत शिंजुकू स्टेशनबाहेर सिनेमाच्या निमित्ताने हजारो तरुण पोरं जमली आणि तिथे स्टेजवरून जाहीर सांगण्यात आलं की आता अॅनिमेशनचं नवं युग सुरू झालं. टीव्हीवर फेल गेलेल्या सिरियलसाठी! मग 1981 आणि 1982 मध्ये मिळून तीन सिनेमे आले, तिसऱ्यात यासुहिकोंनी बरे झाल्यावर बराच भाग नव्याने काढला, तो बघाच, त्यांचं आजारपणात राहून गेलेलं काम तिथे दिसतं. क्लोव्हर कंपनी मात्र 1983 मध्ये बुडाली.

म्हणजे बघा, तुमच्या लेखकाचं म्हणणं खरं मानायचं तर जाहिरात म्हणून ही सिरियल फेल गेलेली आहे. जिची जाहिरात होती त्या कंपनीचं खेळणं खपलं नाही, ती कंपनीही राहिली नाही. लोकांनी प्रेम केलं ते गोष्टीवर आणि चित्रांवर, आणि त्यांच्यामुळे नंतर मॉडेलं खपली. 2009 मध्ये टोकियोच्या ओदायबात पुऱ्या 18 मीटरचा गंडम उभा केला तेव्हा तो बघायला लोक लोटले, नंतर योकोहामात तर डिसेंबर 2020 पासून मार्च 2024 पर्यंत हलणारा होता. खेळण्याच्या जाहिरातीसाठी कोणी तीस-चाळीस वर्षांनी असं जात नाही.

माझी तुम्हाला विनंती आहे ती ओकावारांवरून आहे. हा माणूस मशीनची चित्रं काढणारा म्हणून टायटलमध्ये नाव येणाऱ्या जपानमधल्या अगदी पहिल्यांपैकी. ते नुसतं कागदावर काढून थांबत नाहीत, लाकूड कापून, तासून, त्याचं मॉडेल करतात, सांधा कुठे वळेल, दार कुठे उघडेल हे हातात धरून दाखवता यावं म्हणून. मग ते खेळणीवाल्यांसमोर ठेवायचं, त्यामुळे समोरचा माणूस वाद घालत नाही. आता आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं करणारे कारागीर आहेत, लाकूड निवडण्यापासून रंगापर्यंत सगळं हाताने, आणि पिंगुळीला चित्रकथीची पोथी आणि कळसूत्री बाहुल्या करणारी ठाकर मंडळी आहेत. या लोकांना आणि शाळेतल्या पोरांना एकत्र बसवून एक पान करा ना. पोरांना दाखवा की चालणारा हात लाकडात कसा बसवतात, बाहुलीच्या खांद्याला दोरा कुठे बांधतात. जी पोरं गंडम बघतात ती हे बघायला पळत येतील, आमच्या भाच्याची गॅरंटी मी देतो. पुरवणीत अर्धं पान फोटोला जातंच, ते यासाठी द्या.

आणि दुसरी विनंती अशी की गंडमवर लिहिलेल्या त्या लेखाखाली तोमिनो, यासुहिको, ओकावारा आणि ज्यांनी तो काळा अंतराळ आणि जहाजाच्या आतल्या खोल्या रंगवल्या ते आर्ट डायरेक्टर मित्सुकी नाकामुरा, या चौघांची नावं पुढच्या अंकात छापा. एवढ्या मोठ्या लेखात एकाही माणसाचं नाव नव्हतं. चित्र छापलं की चित्र काढणाऱ्याचं नाव छापायचं हा साधा नियम आहे, आम्ही होडीवर नाव रंगवलं तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकतो आणि होडीवाला हरकत घेत नाही. जागा कमी असेल तर पत्र कापा, पण ही चार नावं कापू नका.

आपला,
एक पेंटर वाचक
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग